येथे लावणीची सोय आहे

शेतात कामाला आलेल्या माणसाला मजुरी द्यायची असते, असं मी चौथीच्या मुलांना शिकवत असे. वेल्हे तालुक्यातल्या पासलीचे नामातात्या मात्र कामाला आलेल्याकडूनच मजुरी घ्यायचे, आणि वर त्याच्या कामाला नावं ठेवायचे.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. नव्वद सालानंतर पावसाळ्यात पुण्याची माणसं गाड्या घेऊन डोंगर बघायला येऊ लागली होती. एकदा एका कुटुंबाची गाडी तात्यांच्या भाताच्या खाचराशी चिखलात रुतली. तात्या एकटेच राहायचे. त्यांनी स्वतः चूल पेटवून सगळ्यांना नाचणीची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. निघताना त्या गृहस्थांनी पाकीट काढलं आणि तात्या भडकले.

"घरात जेवल्याचं पैसं? आमी काय खानावळ काढलीया?"

गृहस्थ ओशाळले. तेवढ्यात तात्यांचं लक्ष खाचराकडे गेलं. पोरांनी आणि त्यांच्या आईने हौसेने भाताची रोपं लावली होती. भात लावणारा मागे मागे सरकतो. ही मंडळी पुढे पुढे गेली होती आणि लावलेलं स्वतःच तुडवत होती.

"ह्याचं मातुर द्या," तात्या म्हणाले. "मला समदं परत लावाया लागंल. त्याची मजुरी. ते रीतीला धरून हाय."

'रीतीला धरून' हे त्यांचं पालुपद. जेवण फुकट, लावणीला पैसे, ही रीत त्यांनी त्या दिवशी पाडली आणि माणसं हसत हसत पैसे देऊन चिखलात उतरू लागली. मग तात्यांनी मला पाटी लिहायला सांगितली. मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'येथे लावणीची सोय आहे.' चूक माझीच. दोन दिवसांनी सारोळ्याकडचे चौघे जीपमधून उतरले. केस चापून बसवलेले, कानात अत्तराचा फाया. म्हणाले, "ढोलकीवाला आला का?" तात्यांनी शांतपणे त्यांना विजारी गुडघ्यापर्यंत वर करायला लावल्या आणि दुपारपर्यंत त्यांच्याकडून भात लावून घेतला. मजुरीही घेतली. 'भाताच्या' हा शब्द मी पाटीवर नंतर घातला.

तात्यांचा एकुलता एक मुलगा विलास माझ्याच हाताखाली शिकलेला. पुण्यात कंपनीत लागला आणि चार वर्षं घरी फिरकला नाही. तात्या त्याचं नाव काढत नसत. पण गाडीचा आवाज आला की हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

एका रविवारी त्याच्या ऑफिसची मंडळी आली. ठिकाण साहेबांनी ठरवलं होतं. गाडीतून सगळ्यात शेवटी विलास उतरला. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हे आपलं घर आहे, हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला ते कळलं, तात्यांनाही कळलं.

"या पावणं," तात्या त्याला म्हणाले. "तुमीबी या."

मला त्या पोराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. जेवताना तात्या प्रत्येकाला 'वाढू का' विचारत होते. विलासला न विचारताच वाढत होते.

दुपारभर लावणी झाली. निघताना एकेकाने पैसे दिले. विलासनेही नोट पुढे केली. मी तोंड फिरवलं.

"तुमचं नगं," तात्या म्हणाले. "तुमी लावल्यालं परत लावाया लागायचं न्हाई."

सगळ्यांनी वळून पाहिलं. रोपांच्या त्या वाकड्यातिकड्या गर्दीत एक ओळ सुतात होती.

"अरे वा," साहेब हसले. "कुठं शिकलास रे?"

नोट हातात तशीच धरून विलास गाडीत बसला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तात्या उभे होते.

"पोटचा पोरगा," मी न राहवून म्हणालो, "आणि साधी ओळखसुद्धा दिली नाही त्यानं."

तात्या बांधावर टेकले. त्या ओळीकडे बघत राहिले.

"तोंडानं न्हाई दिली, गुर्जी," ते म्हणाले. "हातानं दिली की."