तळघरातले पीच

पलंगाखाली जागा उरली नाही म्हणून मी पीचच्या बरण्या तळघरात ठेवल्या. एवढंच केलं मी. बरण्या तळघरात ठेवू नयेत असं धर्मग्रंथात कुठेही लिहिलेलं नाही. (मी रोज वाचते, म्हणून सांगते.)

पण तळघर आमचं नव्हे, घरही आमचं नव्हे. ते रास्मुस क्योल्बीचं. बैलगाडीने डोंगर ओलांडून तो या सॅनपीटच्या खोऱ्यात आला, दगड रचून त्याने हे घर बांधलं, आणि त्याच्या वंशातल्या बायकांच्या मंडळाने ते जसंच्या तसं जपलं. मी आणि माझा नवरा लमार राखणदार म्हणून मागच्या दोन खोल्यांत राहतो. अट एकच, घर बघायला येणाऱ्यांना नव्या काळातलं काही दिसता कामा नये. त्यामुळे आमचा फ्रिज कपाटात असतो आणि मिक्सर पाळण्यात. लमारने टर्की पक्षी पाळणं सोडल्यापासून दुपारी पुढच्या खोलीत झुलत्या खुर्चीत डोळे मिटायची सवय लावून घेतली आहे, तेव्हा पुष्कळांना तो रास्मुसचा पुतळाच वाटतो. (घोरायला लागला की लहान मुलं रडतात.)

तळघरातल्या फळीवर निळसर काचेच्या जुन्या बरण्यांत शोभेचे, मेणाचे पीच होते. माझे खरे पीचही मी तसल्याच बरण्यांत भरले, म्हणजे नजरेला खुपायला नकोत. पुढची रांग मेणाची, मागची माझी. यात चूक होण्यासारखं काय आहे?

मग निरोप आला की मंडळाच्या अध्यक्षा सिस्टर ओल्डरॉइड येणार आहेत. (आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर, दवाखान्याशी संबंध नाही.) राखणदार ठेवायचे की त्यांच्या जागी कॅमेरे बसवायचे, ते त्या ठरवणार होत्या. आमची शेती मुलाच्या नावावर करून झाली होती. हे घर सुटलं तर सॉल्ट लेक शहरात सुनेकडे, वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत. सून चांगली आहे. मशीनही चांगलं आहे. पण माझा जीव या चुलीत आणि या दगडांत गुंतलेला.

त्यांनी दिवस धरला महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमच्या उपवासाचा. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि मनात एक संकल्प धरायचा. मी धरला, 'देवा, हे घर सुटू देऊ नकोस.' सिस्टरांचाही उपवास असणार, म्हणून तो सोडायला त्यांना आमच्याकडेच बोलावलं. बेत पीचच्या कॉब्लरचा. खाली पाकातल्या फोडी, वर जाड पिठाचा थर, आणि खरपूस भाजायचं. माझ्या कॉब्लरला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत.

चर्चहून आल्यावर मी तळघरात उतरून मागच्या रांगेतल्या बरण्या आणल्या. फोडी जरा ताठ वाटल्या, पाकही आटलेला, म्हणून वरून नवा घातला. वासही येईना. म्हटलं, उपाशीपोटी नाक तरी कुठून चालणार? एरवी मी पाकात बोट बुडवून चाखलं असतं, पण उपवास म्हणजे उपवास. बोट चाटून घर घालवू? न चाखताच भाजायला ठेवलं.

सिस्टर आल्या. लमार टाय लावून, मुख्य म्हणजे जागा, उभा होता. घर बघत बघत त्या तळघरात गेल्या आणि फळीसमोर थबकल्या. रुमाल डोळ्यांना लावला.

"माझ्या आईच्या हातचे हे. एकेक फोड रंगवलेली. बघ आर्डिथ, अजून कशा रसरशीत दिसतात."

मी मान डोलावली. नुसती डोलावण्याऐवजी ती वर करून फळीकडे नीट पाहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

टेबलाशी लमारने प्रार्थना सुरू केली. त्याने रास्मुसचे आभार मानले, त्याच्या बैलांचे मानले, खोऱ्यातल्या यच्चयावत टर्कींचं कल्याण मागितलं. तोवर कॉब्लर गार झाला. सिस्टरांनी चमचा घातला आणि उचलला, तर चमच्याबरोबर अख्खं भांडंच वर आलं.

लमारने सुरीने एक तुकडा फोडून तोंडात टाकला. नवरा म्हणून मी त्याला कधी नावं ठेवणार नाही. बराच वेळ त्याने चावलं.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "थोडा टिकाऊ आहे."

मी एक तुकडा बोटांनी चेपून पाहिला. "लमार, बरण्या तू हलवल्यास?"

"धूळ पुसली. दिसायला बऱ्या होत्या त्या पुढे घेतल्या. नीट लाव म्हणाली होतीस ना?"

लपवून काय उपयोग? मी सांगून टाकलं, "सिस्टर, मी तुमच्या आईचे पीच भाजले."

सिस्टरांनी भांडं खाली ठेवलं. मनातल्या मनात मी भांडीकुंडी बांधायला घेतली.

"मग खाली मी कुणासाठी रडले?"

"माझ्या पीचसाठी. ऑगस्टमधलेच आहेत."

"म्हणजे खायचे?" एवढ्यात त्यांच्या पोटातून असा काही आवाज आला, की पेंगुळलेला लमार दचकला. "आण एक बरणी."

बरणी मध्ये ठेवून आम्ही तिघांनी काट्यांनीच खाल्लं. अर्ध्यावर सिस्टर हसायला लागल्या. म्हणाल्या, "लहानपणी आईच्या त्या फोडी तोंडात घालायला मी तडफडायचे. ती हातावर मारायची. आता कळलं, काही चुकलं नव्हतं माझं. तूसुद्धा फसलीस." मग दुसरी बरणी मागितली आणि ती संपता संपता ठरवून टाकलं, "कॅमेरे काही बरण्यांत पीच भरत नाहीत. राहा तुम्ही."

देवाने ऐकलं. फक्त फळीवर दरवर्षी खरे पीच ठेवायचे, आणि आईच्या हातची कला आत असल्याने तो कॉब्लर पुढच्या खोलीतल्या टेबलावर मांडायचा, असं त्यांनी बजावलं.

तो अजून तिथेच आहे. मुंगीसुद्धा लागत नाही. गेल्या आठवड्यात प्रोव्होहून आलेल्या एक बाई त्याच्यावर वाकून म्हणाल्या, "बाकी घर किती खरं वाटतं. पण हे ज्याने केलंय त्याला स्वयंपाकाचा गंधही नसणार."

मी सौम्यपणे काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात झुलत्या खुर्चीतला रास्मुस मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "बरोबर आहे बाई. मी खाल्लाय."