आलमारी कुठून आली?

'आलमारी' या शब्दाविषयी आमच्या सानगडी गावात माझ्याइतकं कुणालाही माहीत नाही! हे मी छाती पुढे काढून सांगते. टीना, म्हणजे माझी चौदा महिन्यांची लेक, दुपारी फक्त पाऊण तास झोपते. त्या पाऊण तासात भांडी, धुणं, स्वतःची वेणी आणि मराठी भाषेचा अभ्यास, एवढं सगळं मी उरकते. वेणी बहुतेक राहते. अभ्यास मात्र राहत नाही.

निमित्त झालं आमच्या वाचनालयाचं. त्यांनी बायकांसाठी एक कार्यक्रम ठरवला, 'घरातला एक शब्द'. प्रत्येकीने घरातल्या एका वस्तूच्या नावावर पाच मिनिटं बोलायचं. कुणी सूप घेतलं, कुणी उखळ. मी म्हटलं, आपण मोठं काहीतरी उचलू! उचलायला नको होतं, हे नंतर कळलं.

आठवडाभर मी शब्दकोशात बुडाले. काय एकेक सापडलं! आलमारी शब्द आपल्याकडे जहाजातून आला, पोर्तुगिजांबरोबर. त्यांच्याकडे तो आला लॅटिनमधून, 'अर्मारियम', म्हणजे हत्यारं-अवजारं ठेवायची जागा. चावी हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांचाच! म्हणजे आलमारी आणि चावी एकाच देशाच्या, आणि आमच्या घरी त्या दोघींची गाठ दिवाळीत एकदा पडते.

आता हे सगळं लिहून काढायला जागा हवी होती. आमच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. छपरात एक काचेचं कवेलू, म्हणजे कौल, बसवलंय, त्यातून दिवसभर उजेडाचा एक चौकोन खाली पडतो. आणि तो चौकोन पडतो कुठे? बरोबर आलमारीच्या डोक्यावर! सहा फुटी लोखंडी धूड उन्हात न्हातंय आणि मी अंधारात चाचपडत 'अर्मारियम' लिहितेय. मी ठरवलं, आलमारी ओसरीत आणि मी उजेडात. सोपं!

शुक्रवारी सकाळी मी नवऱ्याला कामाला लावलं. भुपेंद्र आधीच कोणत्याही कामाला 'पाहू' म्हणतो. त्याने जोडीला शेजारच्या परसरामला बोलावलं. सासूबाई, म्हणजे आनंदाबाई, टीनाला मांडीवर घेऊन खोलीतच बसल्या होत्या.

"कामिनी, मी काय म्हणतो व, ते आलमारी हालवू नको," सासूबाई म्हणाल्या.

"शुक्रवारी लक्ष्मी हलवत नाहीत, हेच ना आई?" मी हसून म्हटलं. "अहो, ही लक्ष्मी समुद्र ओलांडून आली आहे! तिला शुक्रवारचं काय?"

"तसं नाही व. ते आलमारी..."

"थांबा आई, मूळ शब्द ऐका ना. पोर्तुगालहून आधी..."

"अवं, पर ह्या खोलीत ते..."

"थांबा ना! अजून लॅटिन यायचंय!"

सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि टीनाच्या टाळूवरून हात फिरवत बसल्या. मी त्यांना संपूर्ण लॅटिन ऐकवलं.

"सामान काढायचं का आतलं?" भुपेंद्रने विचारलं.

"कायले?" परसराम बाह्या सारत म्हणाला. "बांधीच्या चिखलात फसलेली बैलबंडी काढतो आपण, भाऊ. हे त डबडं होय! तणीस आणा, तणीस!"

धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, खाली अंथरलं. त्यावर आलमारी लोण्यासारखी सरकली, तोंड खोलीकडे आणि पाठ दाराकडे करून. भुपेंद्र, परसराम आणि मी ओसरीतून ओढत होतो. दाराशी ती जरा थांबली. परसराम ओरडला, "जोर लगा के!" आणि आम्ही लावला.

धडाम!

आलमारीने उंबरठ्यावरून उडी मारली, पण अर्धीच. दोन पाय ओसरीत, दोन खोलीत. घोड्यावर बसावी तशी उंबरठ्यावर बसली, आणि वरचा काठ चौकटीत असा घुसला की जणू सुताराने तिथेच ठोकून दिला. पुढे ओढा, उंबरठा अडवतो. मागे ढकला, चौकट अडवते. एका बाजूला हातभर उंचीची, तीन बोटं रुंदीची फट राहिली. बस्स.

आम्ही तिघं बाहेर. सासूबाई आणि टीना आत.

आणि टीनाला मी शेवटचं पाजलं होतं सकाळी आठला!

"अहो, ती आता रडेल!"

टीना रडली. लगेच. जणू मी सांगायचीच वाट पाहत होती.

पुढचा तासभर काय काय झालं ते सांगायची सोय नाही. परसरामने पहार आणली, ती वाकली. चौकटीवर गोडेतेल ओतलं, त्यावरून परसरामच घसरला. भुपेंद्र म्हणाला, छपराची कवेलू काढून वरून उतरू. तेवढ्यात सासरे, श्यामराव, शेतावरून आले. त्यांनी आधी आलमारीकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग खूप वेळ परसरामकडे.

"पोरीच्या डोक्यावर कवेलू पाडता काय बे? मीच बांधली न हे खोली. तुमच्यानं एक दिवस टिकली नाही!"

मी फटीत हात घातला. पलीकडून एक इवलासा ओला हात आला आणि माझं बोट धरून बसला. मला रडू आलं. या घरात कितीतरी दारं, आणि मी नेमकं हेच बंद केलं.

"आई," मी फटीत तोंड घालून म्हटलं, "ही आलमारी पहिल्यांदा आत आणली कशी होती हो?"

आतून शांतपणे उत्तर आलं, "तेच त सकाळपासून सांगून राहिली होती! आलमारी खोलीत आलीच नाही व बाई. खोलीच आलमारीभोवती आली."

"म्हणजे?"

"भुपेंद्र तान्हा होता तईची गोष्ट. तई हे सारी ओसरीच होती. येणारे-जाणारे, शेतावरचे गडी, सारे इथूनच. लेकराले पाजाले आडोसा नाही. आलमारी घेतली त मी तिच्या मागं बसून पाजत होती याले. एक दिवस तुझ्या मामाजीनं, याच्या बापानं, पायलं. दुसऱ्या दिवशी मातीच भिजवली त्यांनी. आलमारी होती तिथंच ठेवली अन् चारी अंगानं भिंती घातल्या."

श्यामराव घसा खाकरत विनाकारण पहार तपासायला लागले.

मी फटीशी बसून राहिले. शब्द कोणत्या देशातून निघाला, कोणत्या भाषेत मुक्काम करून आला, सगळं मला पाठ होतं. चार वर्षं मी या खोलीत झोपते. ती कुणी, कुणासाठी बांधली, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही. सासूबाई सांगायला लागल्या तर त्यांना लॅटिन ऐकवलं!

मग माझं बोट सुटलं. टीनाचा आवाज बंद झाला.

"टीना? टीनू?"

काही नाही.

"आई! ओ आई!"

काही नाही! मी ओसरी डोक्यावर घेतली. "भुकेनं ग्लानी आली तिला! माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही ती! काही करा, आलमारी फोडा!"

भुपेंद्र 'पाहू' न म्हणता धावला, यावरून काय ते समजा. ग्रिल बनवणाऱ्या जागेश्वरला तो मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. जागेश्वरने आलमारीच्या पाठीवर टकटक केलं.

"पाठीचा पत्रा पातळ हाये वहिनी. पर मशीन नाही लावत, आत लेकरू हाये. छन्नीनंच कापतो."

पहिला घाव बसला आणि आतून गर्जना झाली, "कोण होय रे ठोकून राहिला?"

"आई! बोलत का नव्हतात तुम्ही?"

"पोरगी झोपवली होती न! बोंबलू कशी? उठवली शेवटी!"

जागेश्वर हातोडा धरून थांबला. "काकू, आलमारी कापून राहिलो. खराब होईल, सांगून ठेवतो."

याच आलमारीमागे बसून सासूबाईंनी लेकरू पाजलं होतं.

"काप," सासूबाई म्हणाल्या. "लोखंडच होय. पर पहिले सामान काढू दे. माझा शालू हाये तिच्यात!"

मग आतून कुलूप उघडल्याचा आवाज, फळ्या काढल्याचा आवाज. छन्नी पुन्हा चालू झाली. प्रत्येक घावाला टीना किंचाळत होती. "थोडं थांब माझी माय," मी बाहेरून म्हणत होते, "आली मी, आलीच!"

पत्रा चौकोनी कापला गेला. जागेश्वरने कडा ठोकून आत वळवल्या. दारं आतून सताड उघडी होती. मी पदर खोचला आणि पोर्तुगिजांच्या आलमारीत डोकं घातलं. खांद्याशी अडकले, चार बांगड्या फुटल्या, नॅप्थलीनची गोळी तोंडात जाता जाता वाचली. पण शिरले! आई आहे मी!

आत काय पाहते? टीना उजेडाच्या चौकोनात गोधडीवर बसली होती. गालाला केळं, हातात अर्धा लाडू. बाहेरून घाव पडला की टाळ्या पिटत होती, आनंदाने किंचाळत होती.

"माझ्या पिशवीतली दोन केळी अन् दीड लाडू खाल्ला," सासूबाई म्हणाल्या. "काहून, कोणाच्या हातचं खात नाही म्हणत होती न तू?"

मी हात पसरले. "ये टीनू, ये माझ्याकडे! दूधू?"

टीनाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पाठीमागे पत्र्यात कापलेल्या भोकाकडे पाहिलं. आणि माझ्या मांडीवरून रांगत, मला पायदान समजून, ती थेट आलमारीतून पलीकडे गेली! बाहेर जल्लोष झाला. ती परत आली, परत गेली. आजोबा तिकडून "भ्वॉक!" करायला लागले. संपलंच.

"आई," मी जरा सावरून म्हटलं, "गंमत माहीत आहे? संस्कृतात कपाट म्हणजे मुळात दारच!"

"हो काय? मंग सरक बाजूले. दारातून जाऊ दे मले."

आणि त्याही गेल्या.

खोलीत मी एकटी उरले. कोपरा रिकामा होता, उजेडाचा चौकोन स्वच्छ पडला होता, कागद-पेन हाताशी होतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणालाही माझी गरज नव्हती. मी त्या उजेडात बसले, आणि एकाएकी मला घेरीच आली. का ते समजेना. पाठ टेकून डोळे मिटले.

आलमारीतून एक हात आत आला. हातात ताट. भात, वरण, वर वाफ.

"जेव," सासूबाईंचा आवाज आला. "पोरगी उपाशी, पोरगी उपाशी करत होती दिवसभर. सकाळपासून उपाशी त तूच हायेस. पाजणाऱ्या बाईनं असं राहू नये. मले कोणी सांगत नव्हतं, म्हणून सांगून राहिली."

माझे डोळे भरले. "आई..."

"अन् एक. जेवताना त कोण्या शब्दाचं मूळ सांगू नको मले!"

ताटात पत्ताकोबीची भाजी होती. कोबी हा शब्दही पोर्तुगिजांचाच. मी मुकाट्याने जेवले.