दत्ताशेठची भूक कुठे गेली

खारनारंगीचे दत्ताशेठ ठाकूर हे गावातलं मोठं खाणारं माणूस होतं. बंदरावर त्यांचे ट्रेलर चालत आणि हळदीच्या पंगतीत मटणाचं पातेलं पहिलं त्यांच्यापुढे येई. पण एके दिवशी त्यांना स्वतःच्याच ट्रेलरच्या केबिनमध्ये चढता येईना. दोघांनी खालून ढकललं, तरीही येईना. तेव्हा बायको कल्पिता त्यांना घेऊन पनवेलच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन दिलं आणि ते पोटात कसं टोचायचं, हे कल्पिताला शिकवलं.

"हे नुसतं पोटावर काम करत नाही," ते म्हणाले. "काही मिळालं की 'अजून हवं' म्हणणारी एक यंत्रणा मेंदूत असते. तिचाही आवाज हे खाली आणतं. काहींची दारूची ओढसुद्धा कमी होते."

"आणि बाकीची?" कल्पिताने विचारलं. डॉक्टर हसले. हा प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

पहिला फटका जिताडा माशाच्या कालवणाला बसला. दत्ताशेठनी एक तुकडी खाल्ली आणि ताट सरकवलं. मग संध्याकाळची बाटली बंद झाली, मग मोबाईलचा नाद सुटला. वाढदिवसाच्या बॅनरसाठी गॉगलवाला फोटो मागायला पोरं आली, तेव्हा शेठ म्हणाले, "वाढदिवस माझा हाय. नाक्याला त्याचं काय?" पोरं दुखावून परत गेली. पुढे त्यांनी चुलतभाऊ भागोजीवरचा जमिनीचा दावा मागे घेतला. भागोजी घाबरला आणि यात काय डाव आहे ते शोधायला त्याने दुसरा वकील लावला.

कल्पिताला मात्र हा नवरा आवडू लागला होता. एका दुपारी त्याने विचारलं, "तू जेवलीस का?" लग्नानंतर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ उभी राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण जेवलो नाही.

तेवढ्यात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. अशा वेळी बाईने अर्ज भरावा आणि नवऱ्याने सरपंच व्हावं, अशी गावाची प्रस्थापित कार्यपद्धती होती. त्यानुसार मंडळी दत्ताशेठकडे आली.

"ती लढेल," शेठ म्हणाले. "निवडून आली तर खुर्चीवर तीच बसेल. मला नको वाटतंय."

"मग आम्ही बोलायचं कुणाशी?" भागोजीने विचारलं.

"तिच्याशी."

मंडळींनी माना खाली घातल्या. घरात कुणी गेल्यावर भेटून निघावं, तशी ती उठून गेली.

कल्पिता निवडून आली, कारण विरोधी उमेदवाराचा नवरा खाणारा होता आणि हिचा खातच नव्हता. पहिले काही महिने ती कागद वाचून सही करी. त्यामुळे कामं तुंबली आणि ग्रामसेवकाची झोप उडाली. खाडीच्या बांधाचं काम मागायला अल्पेश ठेकेदार आला तो कोळंबीची टोपली घेऊनच. तिने टोपली परत पाठवली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, दारात आलेलं अन्न नाकारू नये. शेठनी ताटाला हात लावला नाही, म्हणून ती टोपली तिनेच संपवली. चांगली होती. तिसऱ्या टोपलीला उशीर झाला, तेव्हा तिने अल्पेशला फोन करून बांधाची चौकशी केली. काम त्यालाच मिळालं आणि बिलावर तिने न वाचता सही केली.

मग पोरं पुन्हा बॅनरचं विचारायला आली. तिने फोटो आधीच काढून ठेवला होता.

पुढच्या उधाणाला बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं आणि उभा भात जळाला. बघून आल्यावर शेठ पायरीवर बसले. "बांधात नुसती माती हाय, कल्पिता," ते हळूच म्हणाले. "तुला ठाऊक व्हतं. आता पुरे कर."

नवरा ओरडला असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं, पण हा नुसता बघत होता. तिने नजर वळवली आणि फ्रीजमधून इंजेक्शन काढलं. तो इंजेक्शनचा वार नव्हता, म्हणून परत ठेवलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "शेठचं वजन छान उतरलंय. डोस कमी करू."

"नको," कल्पिता म्हणाली. "हाय तो राहू द्या. घरात दोघांना भूक लागली तर भागायचं कसं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं वाढलंय पण. तुम्हालाही सुरू करू या का?"

"मला न्हाय चालणार, डॉक्टर. लोकांनी निवडून दिलंय."

फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचं काम रीतसर ठराव करून अल्पेशलाच देण्यात आलं, कारण तो बांध कुठे कच्चा आहे याची माहिती त्याच्याइतकी कुणालाच नव्हती. भूमिपूजनाला मटणाची पंगत बसली. ज्यांचा भात गेला होता ती माणसंही सहकुटुंब आली. वाढपी पातेलं घेऊन फिरत होता, ताटं पुढे होत होती, आणि जो तो शेजाऱ्याच्या ताटात नळी जास्त पडली का, ते बघत होता. अख्ख्या मांडवात 'पुरे' म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो औषधावर होता.