व्हर्ना तळघरात हवी

"व्हर्ना, आहेस तिथेच थांब! वर येऊ नकोस!"

ॲम्ब्रोज कालिनोव्स्की एवढ्या जोराने ओरडला, की धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन तळघराचा जिना चढणारी त्याची बायको अर्ध्यातच थिजली. तिला वाटलं, घरात चोर शिरला किंवा नवऱ्याच्या छातीत पुन्हा कळ आली.

"काय झालं रे?"

"ट्रॅमेलने होम रन मारला!"

"मग मी का थांबू?"

"अगं, तू खाली गेलीस आणि त्याने मारला! महिनाभर त्या माणसाच्या बॅटला चेंडू लागला नव्हता."

व्हर्नाने टोपली कमरेवर घेतली आणि ती सरळ वर आली. नवऱ्याच्या अशा बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे ती लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यातच शिकली होती. पण तिने टोपली सोफ्यावर ठेवली आणि टीव्हीवर पाहुण्या संघाने दोन धावा काढल्या. एक मोजा राहिला म्हणून ती पुन्हा खाली गेली, तर हेरन्सने तीन काढल्या आणि सामना जिंकला. झालं! ॲम्ब्रोजला यापुढे कुठल्याही पुराव्याची गरज उरली नाही.

पोर्ट लँबर्टच्या या बेसबॉल संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. बगळा तासन्‌तास एका पायावर उभा राहतो, पण शेवटी मासा तरी पकडतो. हे बगळे नुसतेच उभे राहत. ॲम्ब्रोज लहान असताना एकदा ते अंतिम फेरीच्या वाटेला लागले होते, तेव्हा बापाने त्याला खांद्यावर बसवून रस्त्यावर नाचवलं होतं. पुढे त्या बापाने पुन्हा तसा दिवस येईल म्हणून वाट बघत बघत डोळे मिटले. तेव्हा उशाशी रेडिओ चालू होता आणि हेरन्स हरत होते. आता ॲम्ब्रोजच्याच हृदयात दोन जाळ्या बसल्या होत्या. हंगाम एप्रिलमध्ये सुरू व्हायचा; आपल्या वाट्याला आणखी किती एप्रिल येणार, हा विचार त्याला अलीकडे फार छळायचा.

त्यात या वर्षी संघाच्या मालकाने थैली सैल सोडली होती. ट्रॅमेल नावाचा पहिलवान विकत आणला, शेवटच्या डावात चेंडू फेकायला किंकेड आणला, आणि पेपरवाल्यांनी मार्चमध्येच विजयाची मिरवणूक काढली. मे महिना उजाडला तोवर हेरन्स तळाला जाऊन बसले होते. ट्रॅमेलच्या एकेका फुकट गेलेल्या फटक्याच्या किमतीत माणसाचं घर झालं असतं.

"दोष खेळाडूंचा नाहीच," शेजारच्या गस पेट्राकिसने निकाल दिला. गस शहराच्या बसवर चालक होता, आता निवृत्त होऊन ॲम्ब्रोजच्या सोफ्यावर बसायचा. "घरात शिस्त नाही, मग मैदानावर कुठून येणार? व्हर्ना तळघरात हवी म्हणजे हवी."

मराठी माणूस अशा वेळी देव पाण्यात घालून बसतो. ॲम्ब्रोजने बायकोला तळघरात घातलं.

नियम ठरले. पहिला चेंडू पडण्याआधी व्हर्नाने खाली जायचं. सामना चालू असताना तिने वर यायचं नाही, ॲम्ब्रोजने खुर्ची सोडायची नाही आणि दोघांनी एकमेकांना हाकही मारायची नाही. हाक मारली की शकुन फाटतो, हे गसचं संशोधन. सामना संपल्यावर ॲम्ब्रोज तासभर टीव्हीवरच्या तज्ज्ञांची बडबड ऐकणार, आणि मग "ये गं वर" म्हणणार.

"आणि मी खाली काय करू?" व्हर्नाने विचारलं.

"कपडे धू की."

"दोन माणसांचे कपडे रोज तीन तास धुऊ? चड्डी शिल्लक राहील का तुझी?"

"थोडे दिवस गं. एकदा वर सरकले की सोडतो तुला."

व्हर्ना सोशिक होती, पण खुळी नव्हती. आठवडाभर तिने तळघरात कोडी सोडवली, जुने डबे पुसले, कोळ्यांशी ओळख करून घेतली. मग बहिणीला फोन केला. डोलोरेस एका बेकरीत केक सजवायची. बेकरीच्या मालकाकडे हंगामभराची दोन तिकिटं होती, आणि हेरन्सचा खेळ त्याला आता बघवत नसल्यामुळे त्याने ती डोलोरेसला देऊन टाकली होती.

"मैदानावर येतेस का?" डोलोरेस म्हणाली. "खेळ गेला खड्ड्यात. सॉसेज चांगलं मिळतं, आणि ऊन खाऊ."

तळघराला मागच्या अंगणात उघडणारा एक दरवाजा होता. मैदान बसने पंधरा मिनिटांवर. धुण्याचं यंत्र सुरू करून द्यायचं, म्हणजे वर त्याची घरघर ऐकू येते, आणि सामना संपल्यावर त्या तासाभरात परत यायचं. पहिल्या दिवशी मात्र तिचा जीव खालीवर होत होता. आपण तळघरात नाही म्हणून हे हरले तर? हेरन्स नऊ धावांनी जिंकले. घरी परतून ती जिन्याखाली धापा टाकत उभी होती तेव्हा वरून ॲम्ब्रोजचा गहिवरलेला आवाज आला, "ये गं वर, माझ्या राणी! तुझ्यामुळे जिंकलो!"

अशा वेळी खरं सांगून कोणाचं भलं झालं आहे? व्हर्ना गप्प राहिली. हेरन्स बाहेरगावी खेळत तेव्हा ती इमानदारीत तळघरात बसे. घरच्या मैदानावर सामना असला की मागच्या दाराने पसार.

आणि मग जे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं ते झालं. हेरन्स जिंकू लागले. सलग नाही, ते त्यांच्या रक्तातच नव्हतं. दोन जिंकून एक हरत, कधी हातातला सामना असा घालवत की ॲम्ब्रोज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेवत नसे. पण वर सरकत होते. सप्टेंबर संपता संपता गाडी अशा ठिकाणी आली, की हंगामाच्या शेवटच्या रविवारी, घरच्या मैदानावर, जिंकले तर पुढच्या फेरीत, हरले तर घरी.

त्याच आठवड्यात मुलाने घोटाळा करून ठेवला. आई एवढी तळघरात राबते हे बघून टेरीचं काळीज हललं होतं. त्याने तिला कपडे वाळवायचं नवं यंत्र पाठवलं.

"आई, एकदम हुशार आहे ते," फोनवर तो म्हणाला. "काम झालं की स्वतःच कळवतं."

"माणसाने तरी कधी कळवलंय मला," व्हर्ना म्हणाली. ते यंत्र कसं कळवतं आणि किती वेळ कळवतं, हे मात्र तिने विचारलं नाही.

रविवारी हवा गार होती. व्हर्नाने हिवाळ्याचं जाड पांघरूण नव्या यंत्रात घातलं, कळ दाबली आणि ती सटकली. वर ॲम्ब्रोज खुर्चीत, गस सोफ्यावर. दोघांच्याही टोप्या शकुन म्हणून अस्तर बाहेर काढून घातलेल्या. चिप्सच्या वाडग्याला कोणी हात लावत नव्हतं. सातव्या डावात ट्रॅमेलने चक्क चेंडू मैदानाबाहेर घालवला, हेरन्स एका धावेने पुढे गेले, आणि तेवढ्यात खालून आवाज आला. टीं टीं टीं टीं.

"काय आहे?" गस दचकला.

"टेरीचं यंत्र. कपडे वाळले असतील. व्हर्ना आहे खाली."

टीं टीं टीं टीं. थोडं थांबून पुन्हा तेच. आठवा डाव सुरू झाला आणि संपलाही, तरी यंत्र ओरडतच होतं.

"बंद का करत नाही ती?" ॲम्ब्रोज म्हणाला.

"झोपली असेल."

"या आवाजात?"

"माझी बायको आगीच्या बंबाच्या आवाजात झोपायची. तू टीव्ही बघ."

ॲम्ब्रोजने टीव्ही बघितला, पण त्याला खेळ दिसेना. त्याला तळघराचा जिना दिसू लागला. उभा, अरुंद, आणि खालची पायरी गेल्या थंडीपासून हलणारी. ती ठोकून द्यायची म्हणून त्याने खिळे आणले होते आणि 'हंगाम संपू दे' म्हणून ठेवून दिले होते. व्हर्नाचा गुडघा दुखतो, हे त्याला नेमकं आता आठवलं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं.

"खबरदार!" गस ओरडला. "हाक मारायची नाही. तूच केलेला नियम आहे!"

"तू केलेला आहे."

नववा, म्हणजे शेवटचा डाव. किंकेड चेंडू फेकायला आला. एक बाद. टीं टीं टीं टीं. दुसरा बाद. आता फक्त एक! साऱ्या मैदानावरचे लोक उठून उभे राहिले. बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेला तो रस्ता ॲम्ब्रोजला आठवला, वाजणारे भोंगे आठवले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि खालून पुन्हा टीं टीं टीं टीं.

ॲम्ब्रोज उठला.

"अरे एक! एकच बाद राहिलाय!" गसने त्याच्या स्वेटरला हिसका दिला. "बस खाली, नालायका! पाया पडतो तुझ्या!"

"माझी बायको पडलीय खाली!"

"अरे पडली असेल तर पडलेलीच राहील ना दोन मिनिटं!"

ॲम्ब्रोजने स्वेटर सोडवला आणि गुडघ्यांची पर्वा न करता तो जिना उतरला. हलणाऱ्या पायरीवर तो स्वतःच कोसळता कोसळता वाचला. खाली यंत्र आपल्या कर्तव्याला जागून ओरडत होतं. त्याने दार ओढलं, ते गप्प झालं. पांघरूण होतं. व्हर्ना नव्हती. तिची खुर्ची रिकामी, मागचं दार नुसतं लोटलेलं, आणि पाणी तापवायच्या टाकीमागून एक मोठा हिरवा स्पंजचा पंजा डोकावत होता. मैदानावर लोक हलवतात तसला, एक बोट वर केलेला.

ॲम्ब्रोज त्या बोटाकडे बघत असतानाच वरून गसची किंकाळी आली. किंकेडने फेकलेला चेंडू पाहुण्यांच्या फलंदाजाने थेट मैदानाबाहेरच्या तळ्याच्या दिशेला घालवला होता, आणि त्याच्या आधीचा त्यांचा एक गडी अर्ध्या वाटेवर पोचून उभाच होता. दोन धावा. हेरन्स मागे पडले.

"गस! व्हर्ना घरात नाही!" ॲम्ब्रोज खालून ओरडला.

"माहीत आहे!" गस वरून ओरडला. "ती टीव्हीवर आहे!"

खरंच होती. अशा प्रसंगी कॅमेरेवाल्यांना रडके चेहरे हवे असतात. सगळ्यांत रडका चेहरा त्यांना तिसऱ्या रांगेत सापडला होता. अस्तर बाहेर काढलेली टोपी, दोन्ही हात डोक्यावर, गालांवर संघाचा हिरवा रंग. शेजारी डोलोरेस शांतपणे सॉसेज खात होती. हेरन्सचे पुढचे तिघे आले आणि गेले. हंगाम संपला.

गस चिप्सचा वाडगा घेऊन आपल्या घरी गेला.

तासाभराने व्हर्ना आली, ती पुढच्या दाराने. लपण्यात आता अर्थ नव्हता. गालांवरचा रंग ओघळला होता. ॲम्ब्रोजने काय काय बोलायचं ते मनाशी ठरवून ठेवलं होतं. फसवणूक, विश्वासघात, सबंध उन्हाळा. पण ती दोन पायांवर धडधाकट चालत आलेली दिसली आणि त्याला इतका आनंद झाला की तो सगळं विसरला.

"तू ठीक आहेस," तो म्हणाला.

"ठीक कसली? दोन बाद होते, ॲम्ब्रोज! दोन!" ती खुर्चीत कोसळली. "मी माझी जागा सोडली नाही, टोपी हलवली नाही, तिसऱ्या डावाच्या आधी शेंगदाण्याला हात लावला नाही. सगळं बरोबर केलं. मग कसं झालं हे? काहीतरी चुकलंच असणार." अचानक तिने मान वर केली. "तू उठला होतास का?"

ॲम्ब्रोजने टोपी डोळ्यांवर ओढली.

"ॲम्ब्रोज. खुर्चीतून उठला होतास?"

"ते यंत्र ओरडत होतं गं. तू उत्तर देईनास. मला वाटलं, तू जिन्यावरून पडून मेलीस."

"आणि मेलेच असते, तर?" व्हर्ना कडाडली. "एक बाद व्हायची वाट बघायला काय झालं होतं? मी कुठे पळून जाणार होते?"

ॲम्ब्रोज खाली मान घालून ऐकत राहिला. मग व्हर्नाने हात पुढे करून त्याची टोपी काढली, अस्तर आत करून नीट सरळ केली आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

"इतक्या वर्षांत कधी सामना सोडून उठला नाहीस," ती हळूच म्हणाली. "माझ्या बाळंतपणातसुद्धा नाही. आणि उठलास, तेही नेमका आज. गाढवा!"

हिवाळ्यात ॲम्ब्रोजने ती पायरी ठोकली. मार्चमध्ये पेपरांनी पुन्हा मिरवणूक काढली, आणि एप्रिलमध्ये पहिला सामना आला. मैदानावर जाण्याआधी व्हर्नाने त्याला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास हाताशी ठेवला आणि तळघरात जाऊन त्या हुशार यंत्राची वायर भिंतीतून उपटून आली.

"मोरीत जाऊन आलास?"

"आलो."

"मग आता उठायचं नाही. घराला आग लागली तरी."

ॲम्ब्रोज उठला नाही. गस साक्षीला होता, अंगठासुद्धा हलला नाही. हेरन्स दहा धावांनी हरले.

संध्याकाळी व्हर्ना दारात उभी राहिली, गालांवर ओघळलेला हिरवा रंग, काखेत तो पंजा. वर्षभराच्या आशेचं पहिल्याच दिवशी पोतेरं झालेला तो चेहरा ॲम्ब्रोजच्या चांगल्याच ओळखीचा होता. रोज दाढी करताना तो आरशात पाहत आला होता.

"हललास ना?" तिने विचारलं. "खरं सांग."

गस काही बोलणार होता. ॲम्ब्रोजने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"पाय जरा लांब केला होता," तो म्हणाला.

"वाटलंच मला!" व्हर्नाचा चेहरा उजळला. "मग ठीक आहे. उद्या नाही करायचास."