पाचच्या वर्गाचे दोनशे चौदा दुरुस्तीकार

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, कंपूच्या चौकापासून दहा मिनिटांच्या चालीवर, एका मराठी मंडळाचं सभागृह आहे. तिथे रोज संध्याकाळी पाच ते सहा चौदा मुलं अपूर्णांक शिकत. शिकवणारे शरच्चंद्र सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. हा वर्ग गेली अकरा वर्षं कुठल्याही नोंदीविना बिनबोभाट चालू होता, आणि नेमकी हीच गंभीर बाब मंडळाच्या वार्षिक सभेत उघडकीस आली.

"वर्ग चालतो हे सभासदांना कशावरून कळतं?" अध्यक्ष जयसिंहरावांनी विचारलं.

"पाच वाजता आलं की दिसतो," सर म्हणाले.

"म्हणजे यावं लागतं." जयसिंहरावांनी सभेकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आरोपीनं कबुलीजबाब दिला.

उपाय म्हणून मंडळाचा 'थेट फलक' करायचं ठरलं. ते काम अंबरीशकडे आलं. तो ग्वाल्हेरातच हरिशंकरपुरममध्ये घरी बसून बंगळुरूची नोकरी करायचा आणि लहानपणी सरांकडेच पाढे शिकला होता. आठ दिवसांत फलक तयार करून तो सरांना दाखवायला आला.

"सर, एकदम सिंपल आहे. पानावर या चौकटी बघा. ही सभागृहाची, ही वर्गाच्या वेळेची, ही मुलांच्या संख्येची. प्रत्येक चौकट वर क्लाउडमधल्या एका नोंदीला जोडली आहे. नोंद बदलली की त्याच क्षणी दोनशे चौदा सभासद घराण्यांच्या फोनवर चौकट बदलते. रिफ्रेश पण करावं नाही लागत."

"आणि चौकटीत कुणी काही बदललं तर?"

"तर नोंद बदलते, और फिर सबके यहाँ. म्हणून लिहायचा अधिकार फक्त दोघांना ठेवलाय. तुम्हाला, आणि दार उघडणाऱ्या दुर्गाताईंना. बाकी सगळे बघतील."

"म्हणजे फळा एक, त्याला खिडक्या दोनशे चौदा, आणि खडू दोघांच्या हाती," सर म्हणाले. "छान केलंस रे."

छान केलेलं ते कार्यकारिणीत चार मिनिटं टिकलं. 'बाकी सगळे बघतील' या शब्दांवर विजयाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे पूर्वज दरबारात दफ्तर सांभाळायचे.

"आमच्या सात पिढ्यांनी लिहायचं काम केलं. आता दुर्गा लिहिणार आणि आम्ही बघणार?"

"आमच्या घराण्यात नुसतं बघत कुणीच बसलं नाही," शहराच्या पलीकडच्या टोकाहून, मुरारहून, आलेले समरजीत म्हणाले. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले होते, आणि बोलताना ते अजूनही घोड्यावरून उतरत नसत.

"काकू, तो फक्त सुरक्षेचा नियम आहे," अंबरीश म्हणाला.

"सुरक्षा? आमच्यापासून?"

अंबरीश खाली बसला. सभासद असलेल्या दोनशे चौदाही घराण्यांना लिहिण्याचा समान मान देण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. दुर्गा सभासद नव्हती, कर्मचारी होती. तिला बघण्याचा अधिकार कायम ठेवण्यात आला. सभागृहाचं कुलूप फलकावरची सभागृहाची चौकट हिरवी, म्हणजे मोकळी, असेल तरच काढावं, असा लेखी आदेशही तिला मिळाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलांना हा सगळा प्रकार समजावून सांगितला. मुलांना न कळणारी गोष्ट मोठ्यांनाही कळलेली नसते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी फळ्यावर एक बेरीज मांडली, चौदाही जणांना खडू दिले आणि म्हणाले, "चला, सगळ्यांनी उत्तर लिहा. आधीचं चुकलंय असं वाटलं तर पुसून आपलं लिहा."

दोन मिनिटांत फळा पांढरा झाला. नऊ वर्षांची सोनिका, नाकावर खडूची भुकटी, म्हणाली, "सर, जो शेवटी लिहील त्याचंच राहणार. मग कुणी खाली बसणारच नाही."

"मग काय करावं?"

"खडू एकालाच द्यावा," चौदाही मुलं म्हणाली. त्यांच्यापैकी कुणीही कार्यकारिणीत नव्हतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग विजयाबाईंच्या लक्षात आलं, की नातू पोहून येतो साडेपाचला. त्यांनी वर्गाची वेळ पावणेसहा केली. ती चौकट त्याच क्षणी दोनशे चौदा फोनांवर बदलली. समरजीतना संध्याकाळी भजनाच्या तालमीसाठी सभागृह हवं होतं. त्यांनी वेळ दुपारी तीन केली. कुणी शिस्तीसाठी पुन्हा पाच केली, तर कुणी तडजोड म्हणून चार. मुलं घरून निघायची पाचच्या वर्गाला, कंपूच्या चौकात पोहोचेपर्यंत तो तीनला होऊन गेलेला असायचा, आणि दाराशी यावं तर उद्यावर गेलेला.

"दुर्गाताई, पाच वाजले," सर दाराशी उभं राहून म्हणत.

"वाजले सर, मला पण दिसून राहिलंय. पण फलक लाल आहे. आत्ताच हिरवा होता, तुम्ही पायऱ्या चढत होता तेव्हा."

"मी स्वतः हिरवा करतो."

सर चष्मा लावून चौकट हिरवी करत. दुर्गा कुलपात किल्ली घाले. किल्ली फिरेपर्यंत शहरात कुणीतरी ती लाल केलेली असे. आदेशात किल्ली घालण्याविषयी लिहिलं होतं, फिरवण्याविषयीही लिहिलं होतं, आणि दुर्गा नोकरीत नवी नव्हती.

तक्रार कार्यकारिणीपुढे गेली. तिचा तातडीनं विचार होऊन महिन्याभरात सुधारणा आली. एक सभासद चौकट दुरुस्त करत असेल तोवर इतरांना ती बंद राहील, असं ठरलं. पहिल्याच दुपारी विजयाबाईंनी वेळेची चौकट दुरुस्तीला उघडली, कोणती वेळ बरी पडेल हे विचारायला भोपाळच्या सुनेला फोन लावला, आणि बोलणं सुनेच्या बहिणीच्या लग्नावर गेलं. चौकट तीन दिवस दुरुस्तीत राहिली. चौथ्या दिवशी त्यांनी ती सोडली, तेव्हा तीत काहीच बदललेलं नव्हतं.

सरांचा स्वभाव रागावण्याचा नव्हता. मुलांचे दिवस मात्र वाया जात होते आणि परीक्षा जवळ आली होती. त्यांनी सभागृहाच्या बाहेरच्या पायऱ्यांवर वर्ग भरवला. पायऱ्यांना फलकात चौकट नव्हती, त्यामुळे तिथे पाच वाजता पाच वाजत. खालच्या पायरीवर पाव, वरच्या पायरीवर अर्धा, असे अपूर्णांक चढता उतरता येऊ लागले. दुर्गा दाराशी बसून लाल चौकट बघत बघत पाऊण शिकली.

सभागृह रिकामं राहिल्यानं फलकावर मात्र वर्गाची संख्या शून्य दिसू लागली. पंचवीस दिवस शून्य दिसल्यावर अंबरीश पायऱ्यांवर आला.

"सर, एक प्रॉब्लेम आहे. तीस दिवस शून्य राहिलं, की नियमानुसार वर्ग आपोआप रद्द होतो."

"चौदा लिही ना मग."

"लिहिले. लगेच कुणीतरी वीस केले. मंडळाच्या नावाला चौदा शोभत नाहीत म्हणे."

घराण्याघराण्यांत आता सरांच्या वर्गाविषयी जिव्हाळा जागा झाला होता. विसाचे चाळीस झाले. मुरारकडून पन्नासांची भर पडली, तेव्हा लश्करानं साठांची घातली. इंदूरच्या मंडळाच्या वर्गात तीनशे मुलं आहेत अशी बातमी आली, त्या दिवशी एका तासात आकडा चारशे बारावर जाऊन स्थिरावला. फलकावर फुलं उधळली गेली. अंबरीशनं ती सोय दिवाळीसाठी करून ठेवली होती.

सभागृहाची क्षमता ऐंशी आहे. चारशे बारा मुलं ऐंशीच्या जागेत कोंबणं हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे, हे फलकावरच्या सभागृहाच्या चौकटीनं तत्काळ ओळखलं आणि वर्ग अति गर्दीमुळे बंद करण्याची सूचना काढली. तिची छापील प्रत घेऊन जयसिंहराव स्वतः आले. पायऱ्यांवर मुलं वह्या उघडून बसली होती.

"सर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण इतकी मुलं? उद्या चेंगराचेंगरी झाली तर उत्तर कोण देणार? उद्यापासून वर्ग बंद. पायऱ्यासुद्धा मंडळाच्याच आहेत."

सरांच्या हातातला खडू थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. सोनिकानं हात वर केला.

"आजोबा, हे चारशे बारा कुणी मोजले?"

जयसिंहरावांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली, तरुण नावाचा मुलगा चुळबुळत होता म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि चौदावर येऊन थांबले.

"दुर्गा, दार उघड. सभागृह मोकळं आहे, मुलं चौदा आहेत."

"साहेब, फलक लाल आहे."

"मी अध्यक्ष सांगतोय ना."

"हो साहेब. पण आदेशावर सही तुमचीच आहे. तुमचं सांगणं फलकावर येऊ द्या, मी लगेच उघडते."

जयसिंहरावांनी फोन काढला आणि चौदा लिहिलं. चौकटीत चौदा आले आणि तिथेच पुसून चारशे तेरा झाले. त्यांनी पुन्हा लिहिलं. चारशे वीस. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठा दाबून धरला, तेव्हा फलकानं नम्रपणे कळवलं, की ही चौकट सध्या विजयाबाई दुरुस्त करत आहेत.

ते खालच्या पायरीवर बसले. सूचनेचा कागद हातातच होता. सरांनी तो घेतला, कोरी बाजू वर केली आणि सोनिकाकडची पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"बसलाच आहात तर हे गणित करा. उदाहरण सोपं आहे. आमच्याकडे लिहिणारा एकच असतो, त्यामुळे उत्तर पुसलं जायची भीती नाही."

"वर्ग बंद केलाय मी," जयसिंहराव पुटपुटले.

"फलकावर केलात. इथं पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. पाव अधिक पाव किती?"

त्या संध्याकाळी पायऱ्यांवर गणित करणारे पंधरा जण होते. फलकाच्या अगदी खाली 'सध्या पाहणारे' अशी एक बारीक चौकट आहे. ती कुणालाही बदलता येत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. त्या संध्याकाळपासून तीत पाच वाजता रोज, एक कमी होऊन, दोनशे तेरा दिसतात. हे सगळे वर्ग नीट चालू आहे ना याची काळजी करणारे सुजाण पालक, आजी-आजोबा आणि सभासद. त्यांची मुलं त्यांच्या शेजारीच सोफ्यावर बसलेली असतात. आपण तो फलक पाहायला गेलात, तर आकडा दोनशे चौदा होईल.