इकडील सर्व क्षेम

उत्तमरावांचा डावा हात सुट्टीवर आहे. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. डॉक्टर त्याला अर्धांगवायू म्हणाले, आमची गल्ली लकवा म्हणते. पण तुम्ही उत्तमरावांना विचारून बघा, हाताला काय झालं म्हणून. ते त्या लोंबत्या हाताकडे कौतुकानं बघतील आणि सांगतील, "काय न्हाई ओ. लई वरसं गेअर टाकले बिचाऱ्यानं. आता सुट्टीवर हाय."

"आणि तुमची तबियत?"

"नावावानी!"

नावावानी म्हणजे नावासारखी, म्हणजे उत्तम. नांदेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी दुसरं उत्तर ऐकलेलं नाही. मी पडलो पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला कारकून. दिवसभर लोकांच्या तक्रारी घेतो, शिक्का मारतो, पुढच्या टेबलाकडे पाठवतो. तक्रार असलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. तक्रारच नसलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

एकदा आमच्या गल्लीचे नळ कोरडे पडले. मी स्वतःच्याच साहेबांकडे कसा अर्ज देणार? उत्तमरावांचं अक्षर चांगलं, म्हणून गल्लीनं त्यांना लिहायला बसवलं. न वाचता सगळ्यांनी सह्या ठोकल्या. अर्ज माझ्याच टेबलावर आला. "स. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम आहे. नळास पाणी नसल्याने गल्ली कोरडी व स्वच्छ असून मुलांना खेळण्यास सोयीचे झाले आहे. तरी सवडीने पाणी सोडावे. न सोडल्यास काळजी नसावी." साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'नागरिकांनी समाधान व्यक्त केले आहे. नस्तीबंद.' म्हणजे फाइल बंद झाली आणि पाणी आणखी लांबलं. गल्लीतल्या बायका उत्तमरावांच्या दारात जाऊन भांडल्या, तर त्यांनी सगळ्यांना बसवून चहा पाजला. चहाला पाणी कुठून आणलं ते विचारायचं भांडणाऱ्यांनाही सुचलं नाही.

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. "अहो, पत्र वेगळं आणि अर्ज वेगळा. अर्जात क्षेम कळवायचं नसतं."

"तसं कसं, पानीसायब?" मला ते पानीसायब म्हणतात. "समोरचा मानूस पयल्यांदाच वाचून राहिला आपल्याला. त्याला आधी घोर लावायचा? चांगल्या घरची रीत हाय का ती?"



उत्तमराव खासगी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर ड्रायव्हर होते. नांदेड ते लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. मी त्यांच्या गाडीनं बऱ्याचदा गेलो आहे. टायर बसलं की ते मागं वळून सांगत, "गाडी जरा इसावा घेऊन राहिली. उतरा, पाय मोकळे करा." एकदा इंजिनातून धूर निघाला, तर म्हणाले, "तिला बी हिवाळा लागला." लोक घाबरायच्या ऐवजी हसत हसत खाली उतरले. खाली उतरल्यावर धूर किती आहे ते दिसलं आणि मग घाबरले.

त्यांची मुलगी ऋतुजा लातूरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. एकुलती एक. पहिलं वर्षभर उत्तमराव रोज गाडी घेऊन जात आणि ती थांब्यावर येऊन आईनं, म्हणजे आमच्या सुमनवहिनींनी, दिलेला डबा घेऊन जाई. बापलेक दोन मिनिटं भेटत. एवढ्यासाठी ते साप्ताहिक सुट्टीही घेत नसत. मालकाला वाटे, काय कष्टाळू ड्रायव्हर आहे!

मग एका सकाळी ड्युटीवर जायच्या आधी शर्टची गुंडी लावता लावता हात खाली पडला. दवाखान्यातून आले, जिवावरचं टळलं, पण गाडी सुटली. घरात उरला तो सुमनवहिनींच्या शिलाई मशीनचा आवाज.

दवाखान्यातून आल्यावर उत्तमरावांनी पहिलं काम काय केलं असेल? मुलीला फोन केला. "रुतू, रूट बदलला बघ माझा. आता किनवटची गाडी देऊन राहिले. जंगलाचा रस्ता, लई भारी हवा. डबा तेवढा न्हाई जमायचा."

वहिनींनी कपाळावर हात मारला. पण त्या नवऱ्याच्या थापेला ना हो म्हणाल्या ना नाही.

आता थाप मारली की ती सांभाळावी लागते. मुलीचा फोन रोज दिवेलागणीला येतो. ड्रायव्हर त्या वेळी घरात कसा असेल? म्हणून फोन वाजला की उत्तमराव गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे, तिथं हॉर्न ऐकू येतात. तेवढ्यानं भागेना. एक दिवस त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि मला खुणावलं, "पुकारा की ओ!"

"काय पुकारू?"

"किनवटची गाडी!"

मी सरकारी नोकर माणूस. हातात दुधाची पिशवी. तरी कोण जाणे कसा, मी ओरडलो, "चला भोकर, हिमायतनगर, किनवट, किनवट, किनवट!" उत्तमरावांचा चेहरा असा फुलला की दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन जाऊन उभा राहिलो. पुढं पुढं मला त्यात गोडी वाटायला लागली. "पुढं सरका, मधी जागा हाय," असं काहीबाही मी मनानं घालू लागलो. एकदा खरोखरच एक म्हातारी पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि भोकरला किती वाजता पोचते म्हणून विचारू लागली.

अशात एका संध्याकाळी फोन जरा लांबला. उत्तमराव परत आले ते माझ्या ओट्यावर बसले. गप्प. त्यांना गप्प बसलेलं पाहून मीच घाबरलो.

हळूहळू कळलं ते असं. ऋतुजाच्या कॉलेजात गरजू मुलांना फीमध्ये सवलत मिळते. तिचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीला नाकारला गेला होता, कारण उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, बापाच्या पगारासकट. आता राहिलेली फी भरायची वेळ आली होती. भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, वर्ष जाणार होतं. आणि पोरगी फोनवर म्हणाली होती, "पप्पा, घरची परिस्थिती बदलली असंल तर फेरविचाराचा अर्ज देता येतो म्हनं. आपली तर बदलली न्हाई ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, बिलकुल न्हाई. नावावानी हाय."

माझं डोकं फिरलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पानीसायब, आपन दोघं लिहू. कालेजला कळू द्या, रुतूला न्हाई कळलं पायजे. तिचं ध्यान उडंल अभ्यासातून."

मी रजेचा अर्ज लिहावा तसा कोरडा ठणठणीत अर्ज टाइप केला. आजार, नोकरी गेली, सोबत डॉक्टरांचा कागद. उत्तमरावांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे लई वंगाळ दिसून राहिलं ओ. जरा हातानं साफ लिहितो." मी ऑफिसला गेलो. ही माझी चूक.

कॉलेजचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी काय साफ केलं होतं ते समजलं. डॉक्टरांचा कागदही त्यांनी जोडला नव्हता. 'अर्जदाराने कुटुंबात सर्व क्षेम असल्याचे, हात विश्रांती घेत असल्याचे, ड्युटी नसल्याने घरी राहण्याचा आनंद मिळत असल्याचे, तसेच सवलत न मिळाल्यास काळजी नसावी असे कळविले आहे. परिस्थितीतील बदलाचा बोध होत नाही. कागदपत्रांसह समक्ष यावे.'

वहिनी मशीनवरून न उठता म्हणाल्या, "तुम्ही जा भावजी संगं. ह्यांना वंगाळ बोलायचंच जमत न्हाई. पाय मोडला तर म्हनतील, चप्पल वाचली."

आम्ही लातूरला गेलो. कॉलेजात फीच्या सवलतीची समिती होती, तिच्या मॅडमपुढं उत्तमरावांचं पत्र होतं. त्या म्हणाल्या, "हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला नेमकं काय हवंय, तेच मला कळत नाहीये."

"तुमी कशा हाव, म्याडम?" उत्तमरावांनी विचारलं.

"मी?"

"उठताना तरास झाला जरासा. गुडघा हाय का?"

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मॅडम गुडघ्याचं सांगायला लागल्या. जिना, थंडी, कोणतं तेल लावून पाहिलं, सगळं. उत्तमराव मान हलवत होते, धीर देत होते. आमची सुनावणी सोडून मॅडमचीच सुनावणी चालू झाली. शेवटी मीच मध्ये तोंड घातलं आणि लकवा, नोकरी, फी असं एका दमात सांगून टाकलं. मॅडम माझ्याकडे आणि त्या हसऱ्या माणसाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं असेल तर विचार करता येईल. पण अर्ज विद्यार्थिनीचा लागतो, तिची सही लागेल. बोलावते तिला."

"तिला नको!" उत्तमराव उभेच राहिले. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पण शिपाई गेला होता. मग उत्तमरावांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि पँटच्या खिशात कोंबला. नीट जाईना, बोटं बाहेर राहत होती. ते एकेक बोट आत ढकलत होते आणि दाराकडे बघत होते. मला ते बघवलं नाही.

ऋतुजा आली. बापाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, हात काढा बाहेर. दुखंल."

खिशातून तो हात तिनंच काढला. मग माझ्याकडे वळली. "काका, किनवटच्या गाडीवर तुमी कवापासून लागलात?"

मी खाली बघितलं.

"पयल्याच दिवशी आवाज वळखला मी. आन् आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा भोंगा किनवटच्या गाडीत कसा येईल? आईला इचारलं, आईनं सांगितलं समदं."

म्हणजे पोरीला सगळं कळलंय हे वहिनींनाही माहीत होतं, आणि मी रोज बोंबलत होतो! आणि 'आपली तर बदलली न्हाई ना' हा प्रश्न नव्हताच. पोरीनं बापाला बोलायला वाट करून दिली होती, आणि बाप त्या वाटेनं गेला नव्हता.

"मंग का न्हाई बोललीस?" उत्तमराव म्हणाले.

"तुमाला बरं वाटत होतं, पप्पा."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. "पण आधीच खरं का नाही सांगितलंत हो?"

उत्तमराव टेबलाच्या कडेशी बोलावं तसं बोलले. "म्याडम, गाडीत ड्रायव्हरच्या डोस्क्यावर आरसा असतो. मागची समदी मान्सं त्याच्यात आमचं त्वांड बघत असत्यात. ब्रेक लागंना झाला तरी त्वांड हसरं ठिवावं लागतं. ड्रायव्हरचं त्वांड उतरलं की मागं लेकरं रडायला लागत्यात. आता गाडीच न्हाई. पन त्वांडाला तीच सवय पडली."

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. उत्तमरावांनी पेन घेतलं. पण एका हातानं लिहायचं म्हणजे कागद सरकतो. ऋतुजानं त्यावर तळवा ठेवून तो दाबून धरला. सवयीनं त्यांनी लिहिलं, 'इकडील सर्व', आणि पेन तिथंच राहिलं. मुलीनं काही सुचवलं नाही. त्यांनी ते दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं, 'माझा डावा हात चालत नाही. मला गाडी चालविता येत नाही.' बस, एवढंच. पोरीनं खाली सही केली.

परत येताना आम्ही त्यांच्याच जुन्या गाडीनं आलो. ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले होते. प्रत्येक गतिरोधकाला त्यांचा उजवा पाय खाली दाबला जाई. अहमदपूर गेल्यावर मी विचारलं, "उत्तमराव, कसं काय?"

"नाव..." म्हणाले, आणि पुढचं आलंच नाही. इतकी वर्षं या माणसाच्या तोंडून एक तक्रार ऐकायला मी टपून बसलो होतो, आणि ती आली तेव्हा मी त्यांचा डावा हात धरून बसलो. त्यांना ते कळत होतं की नाही, कोण जाणे.

सवलत मिळाली. पूर्ण नाही, पण पोरीचं वर्ष वाचेल एवढी.

आता दिवेलागणीला फोन आला की उत्तमराव ओट्यावरच बसून बोलतात. मलाही बाहेर यायचं काही कारण उरलेलं नाही. तरी त्या वेळी मी दारात काहीतरी करत असतोच. परवा असाच उभा होतो, तर उत्तमरावांनी हाक मारली. "पानीसायब, रुतू म्हनती, तिकडं लई सुनं सुनं वाटून राहिलं. काकाला एकदा पुकारा म्हनावं."

मी घसा साफ केला. "चला भोकर, हिमायत..."

"किनवट न्हाई ओ," उत्तमराव म्हणाले. "ती कुठं ऱ्हाती?"

मग मी ओरडलो, गल्लीतली दारं उघडतील इतक्या जोरात. "चला लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, लातूर, लातूर!"

फोनमधून आवाज आला. पोरगी हसली की रडली, मला कळलं नाही. उत्तमरावांनी फोन कानाशी घट्ट धरला होता. समोर आरसा नव्हता, मागं माणसं नव्हती. ते म्हणाले, "रुतू, इकडं करमंना झालंय गं."