चौदा कुंड्यांचा सत्कार

शेजारच्या शेरिलने मुलीकडे ब्रिस्बेनला जाताना रविंद्रच्या हातात एक कागद दिला आणि त्या क्षणापासून रविंद्रची झोप उडाली. कागदावर मोठ्या अक्षरांत चारच ओळी होत्या. फ्रॉस्ट पडणार असेल तर अंधार पडायच्या आत होस्टा झाकायचे. झाकायला कापडच हवं, प्लास्टिक नको. कापड कोंबांना टेकू द्यायचं नाही. सकाळी ऊन आलं की उघडायचं.

"सोपं आहे, रवी," शेरिल गाडीत बसता बसता म्हणाली. "नो वरीज. मंगळवारी येतेच मी."

नो वरीज हे दोन शब्द मेलबर्नच्या टार्निट उपनगरात सात वर्षं राहूनही रविंद्रला लागू पडले नव्हते. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हेच त्याचं काम, आणि ते तो ऑफिस सुटल्यावरही मन लावून करत असे. त्यातून झाडं हा त्याचा प्रांत नव्हता. बायकोने, सुचित्राने, आजवर आणलेली एकही कुंडी त्याच्या हातून वाचली नव्हती. घरातली तुळससुद्धा तो पाणी घालायला लागल्यापासून तिसरी होती.

होस्टा म्हणजे दिसायला थेट आपलं अळू. रुंद, शिरा उमटलेली पानं. हिवाळ्यात हे झाड जमिनीत गडप होतं आणि सप्टेंबर संपता संपता मातीतून बोटाएवढे जांभळट कोंब वर काढतं. नेमकी तेव्हाच मेलबर्नच्या थंडीला जाता जाता मागे वळून बघायची हौस येते. एका पहाटेचा फ्रॉस्ट, म्हणजे दवाचं गोठून हिम झालं, की कोंबांचं काळं पिठलं.

शेरिलकडे अशा चौदा कुंड्या होत्या. तेरा कुंपणाच्या सावलीत ओळीने, आणि चौदावी एकटीच मागच्या दाराशी, नळाजवळ. ही हेन्रीची. हेन्री म्हणजे शेरिलचा नवरा. लग्नाच्या वर्षी त्याने हे रोप लावलं आणि मग चार घरं बदलताना दर वेळी स्वतःच्या मांडीवर ठेवून नेलं. गेल्या जूनमध्ये हेन्री वारला. शेरिल रोज सकाळी चहाचा मग घेऊन त्या कुंडीशेजारी बसायची आणि रिकाम्या मातीकडे बघायची. मागच्या आठवड्यात मातीतून पाच कोंब वर आले, तेव्हा तिने कुंपणावरून हाक मारून रविंद्रला बोलावलं होतं. "बघ, आला तो," ती म्हणाली होती. त्यामुळे काहीही झालं तरी निदान ती कुंडी जगायला हवी, हे रविंद्रला कागदावर न लिहिताही कळलं होतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता फोनमधल्या हवामानाच्या ॲपने उद्या पहाटेचं तापमान उणे एक दाखवलं.

"सुचित्रा! उणे एक!"

"मग स्वेटर घाल."

"मला नाही, होस्टांना! चादरी काढ. चौदा."

"चौदा चादरी?" सुचित्रा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. "आपल्याकडे चार आहेत. त्यातल्या दोन आज धुतल्यात. आणि उरलेल्या मी चिखलात जाऊ देणार नाही."

रविंद्रने गाडी काढली. हार्डवेअरच्या दुकानात झाडं झाकायचं कापड संपलं होतं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सगळ्या टार्निटने टोमॅटो लावलेत, मेट. तू शेवटचा आलास." शेरिलच्या चादरी तिच्या गॅरेजमध्ये होत्या, आणि गॅरेजचा रिमोट शेरिलच्या पर्समध्ये ब्रिस्बेनला पोचला होता. साडेपाच वाजले. सूर्य कुंपणाला टेकला. रविंद्र हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला आणि तिसऱ्या फेरीला एका मोठ्या पिशवीला अडखळून पडता पडता वाचला.

ती पिशवी मराठी मंडळाची होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजता, मंडळाच्या चौदा जुन्या कार्यकर्त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. रविंद्र मंडळाचा साहित्यप्रमुख. अध्यक्ष भास्करकाका मोहोळकरांनी पुण्याहून खास मागवलेल्या लोकरी शाली त्यांनी स्वतः मोजून त्याच्या ताब्यात दिल्या होत्या. चौदा शाली. चौदा नारळ. चौदावा सत्कार खुद्द भास्करकाकांचा होता. आपल्या सत्काराचा ठराव काही त्यांनी मांडला नव्हता, फक्त मोठ्याने वाचून दाखवला होता.

चौदा शाली, चौदा कुंड्या. आकडा जुळल्यावर रविंद्रला त्यात वरून आलेला इशारा दिसला.

"रविंद्र, नको," सुचित्रा म्हणाली.

"एका रात्रीचा प्रश्न आहे. सकाळी घडी घालून परत पिशवीत. कोणाला कळणार आहे?"

प्रत्येक कुंडीत त्याने तीन तीन काठ्या खोचल्या, म्हणजे कापड कोंबांना टेकायला नको. वरून शाल पांघरवली आणि दोन्ही टोकं पुढे आणून गाठ मारली. सगळ्यात आधी, सगळ्यात जपून, हेन्रीची कुंडी. तेवढ्यात वारा सुटला आणि शाली उडू लागल्या. वजन हवं होतं. वजन पिशवीत होतंच. प्रत्येक शालीच्या टोकावर त्याने कुंडीच्या पुढ्यात एकेक नारळ ठेवला.

सुचित्रा कुंपणाशी येऊन बघत राहिली. ओळीने तेरा जणं खांद्यावर शाल आणि पुढ्यात नारळ घेऊन बसली होती.

"आता फक्त प्रमुख पाहुण्यांचं भाषण राहिलंय," ती म्हणाली.

रविंद्रने फोटो काढून शेरिलला पाठवला. खाली लिहिलं, सगळे सुरक्षित. शेरिलचं उत्तर आलं, त्यात नुसते बदाम होते.

त्या रात्री त्याने किती वेळा फोन बघितला ते सांगण्यात अर्थ नाही. पाच अंश. साडेचार. पाच. फ्रॉस्ट आलाच नाही. आलं ते दव, आणि तेही असं की सकाळी शाली पिळून काढाव्यात. रविंद्रने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात. तीन तास होते. त्याने सावकाश चहा केला.

"अरे, आठ वाजले!" सुचित्रा आतून ओरडली. "आज घड्याळं पुढे गेली. डेलाइट सेव्हिंग!"

ऑक्टोबरचा पहिला रविवार. फोनने रात्री आपणहून एक तास पुढे उडी मारली होती, पण रविंद्र फोनमध्ये फक्त अंश बघत होता. तो चहा टाकून धावला. कुंपणाशी जाऊन त्याने भराभर गाठी सोडल्या, शाली खांद्यावर टाकल्या, नारळ पिशवीत कोंबले आणि सगळा ढीग घरात आणून ड्रायरमध्ये ढकलला. घाईत गळ्यातला ओला मफलरही त्यात गेला.

"लोकर आहे रे त्यात," सुचित्रा म्हणाली. "आटेल."

"सत्कार दोन मिनिटांचा असतो. मापं कोण घेतंय?"

"बरोबर चौदा आहेत ना?"

रविंद्रने ड्रायरच्या काचेतून गरगर फिरणारी कापडं मोजायचा प्रयत्न केला. कधी बारा भरली, कधी सोळा. शेवटी बाहेर काढल्यावर गरम गरम घड्या घालताना मोजली. चौदा. फक्त घड्या जरा लहान वाटल्या, पण उशीर झाला की सगळंच लहान वाटतं, असं म्हणून त्याने पिशवी उचलली.

कम्युनिटी हॉल भरला होता. पहिला सत्कार तनया दांडेकरचा. ती मुळात बारीक, त्यामुळे शाल तिच्या खांद्यांपर्यंत कशीबशी पोचली. दुसरा विश्राम गावंडे. विश्रामचा देह भक्कम. शाल त्याच्या मानेवर बसली ती न्हाव्याच्या दुकानातल्या टॉवेलसारखी. भास्करकाकांनी दोन्ही टोकं ओढून पाहिली. टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. तरी काका अनुभवी होते. त्यांनी एका हाताने शाल मागून धरली, दुसऱ्या हाताने नारळ दिला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. असे तेरा फोटो झाले. पाचव्या नारळाच्या शेंडीतून एक गोगलगाय निघाली आणि सत्कारमूर्तीच्या बाहीवर चढली. तिचाही फोटो आला.

"आणि आता," सूत्रसंचालक म्हणाला, "आपले अध्यक्ष."

भास्करकाकांनी कोट सारखा केला, मान किंचित झुकवली आणि डोळे मिटले. रविंद्रने पिशवीत हात घातला. नारळ नव्हता. चौदावी घडी उलगडली, तर तो मफलर होता. तपकिरी. आटून रुमालाएवढा झालेला.

हेन्रीची कुंडी! नळाजवळची! तिथली शाल आणि नारळ आणायचेच राहिले होते. पण अध्यक्ष मान झुकवून उभे होते आणि दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती. त्याने मफलर काकांच्या मानेवर ठेवला.

काकांनी डोळे उघडले. "हे काय आहे?"

"काका, जरा... साइझचा प्रॉब्लेम झाला."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून तनयाच्या खिदळण्याचा आवाज आला. शेरिलने रविंद्रने पाठवलेला फोटो टार्निटच्या फेसबुक ग्रुपवर टाकला होता. माझ्या शेजाऱ्याने माझी झाडं कशी पांघरूण घालून झोपवली बघा, असं वर लिहिलं होतं आणि तीनशे लोकांना ते आवडलं होतं. फोन या रांगेतून त्या रांगेत गेला आणि शेवटी व्यासपीठावर आला. भास्करकाकांनी चष्मा वर करून फोटो बारकाईने पाहिला.

"रविंद्र," ते म्हणाले, "माझ्या आधी अळूचा सत्कार केलास तू?"

"अळू नाही काका, होस्टा."

"माझी शाल कुठे आहे?"

"एका कुंडीवर राहिली."

"मंगळवारी येऊन घेऊन जाईन," काका म्हणाले आणि मफलरासकट जागेवर जाऊन बसले.

रविवारी संध्याकाळी रविंद्र घरी आला तो तोंड लपवूनच. सोमवारचं तापमान सहा अंश, असं दुपारी दिसलं होतं. त्यानंतर त्याने फोन बंद केला, कारण मंडळाच्या ग्रुपवर विश्रामचा तो टॉवेलवाला फोटो फिरत होता. शेरिलच्या अंगणात जायचंही त्याला धैर्य झालं नाही. आठवडाभरात ॲप न बघता तो झोपला ती हीच एक रात्र.

सोमवारी सकाळी त्याने पडदा सारला आणि तसाच उभा राहिला. हिरवळ पांढरी होती. गाडीची काच पांढरी होती. तो अनवाणी धावला. कुंपणाजवळच्या तेराही कुंड्यांतले कोंब काळे पडून माना टाकून बसले होते. बोट लावलं तर बोटाला चिकटले. रविंद्र तिथेच ओल्या गवतात बसला. सत्काराच्या लाजेपायी आपण फोन बंद केला आणि एका बाईने विश्वासाने सोपवलेली झाडं मारली, याचं त्याला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"नळाजवळची बघितलीस?" सुचित्रा मागून हळूच म्हणाली.

नळाजवळ हेन्रीची कुंडी शाल पांघरून बसली होती, पुढ्यात नारळ. शालीवर बर्फाचा थर होता. रविंद्रने टोक उचललं. आत पाचही कोंब ताठ उभे होते, आणि एकाचं पान उलगडायला लागलं होतं.

मंगळवारी शेरिल आली. रविंद्रने तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती तेरा कुंड्यांवरून एक एक करत गेली, मग नळाशी येऊन थांबली. बराच वेळ तिने कापड उचलून त्या उलगडणाऱ्या पानाला नुसतं बोट लावून ठेवलं.

"बाकीचे रुसतील थोडे," ती म्हणाली. "पण खाली दुसरे कोंब असतात. येतील आठवड्याभरात. हा रुसला असता तर..." तिने शालीचं टोक चिमटीत धरलं. "हे कापड काय आहे, रवी?"

"शाल. आमच्याकडे मानाच्या माणसाला देतात. आणि नारळ."

"हेन्री खूश झाला असता," शेरिल म्हणाली आणि डोळे पुसले.

नेमके तेव्हाच भास्करकाका फाटकातून आत आले. त्यांनी शाल पाहिली. चौदातली एकच, पूर्ण मापाची, न आटलेली. त्यांनी हात पुढे केला. मग शेरिलचा चेहरा पाहिला, सुचित्राने कानात काय ते सांगितलं, आणि काकांचा हात जागच्या जागी थांबला. तीस वर्षं सत्कार करणाऱ्या माणसाला त्यापुढे एकच गोष्ट सुचण्यासारखी होती. त्यांनी खाली वाकून शालीची गाठ नीट केली, नारळ सरळ ठेवला, कोट सारखा केला आणि कुंडीशेजारी ताठ उभे राहिले.

"फोटो काढ," ते रविंद्रला म्हणाले.

रविंद्रने फोन उघडला. फोटो काढण्याआधी त्याचा अंगठा सवयीने ॲपवर गेला. बुधवार पहाट, उणे दोन. त्याने तेरा उघड्या कुंड्यांकडे पाहिलं.

"काका," तो चाचरत म्हणाला, "सत्कारमूर्तींकडून शाली परत मागता येतात का हो?"

"माग की," कॅमेऱ्याकडे बघत भास्करकाका म्हणाले. "त्या आता कुंड्यांच्याच मापाच्या झाल्यात."